अनोळखी ताट, आपलं बिल

साखऱ्यात ग्रीक हॉटेल नाही, आणि उद्या कुणी काढलं तरी चालायचं नाही. सेनगाव तालुक्यातल्या माणसाला बाहेर जेवायचं म्हणजे ढाब्यावरची शेवभाजी, तर्रीदार रस्सा आणि तव्यावरून उतरलेली गरम भाकरी. त्यात उणं काहीच नाही. पण सोयाबीनचे पैसे हातात आले की चार मित्र गाडी करून गोव्याला निघतात. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा आई-वडिलांना आठ दिवस बोलावून घेतो आणि रविवारी सूनबाई म्हणतात, "आज ग्रीक खायला जाऊ." मग मेनूकार्ड समोर येतं, त्यातलं एकही नाव ओळखीचं नसतं, वेटर वही घेऊन शेजारी उभा राहतो आणि घरातली वडीलधारी माणसं सांगून टाकतात, "तुम्हीच मागवा काय ते."

त्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी हे चार शब्द. अशा ठिकाणी जेवण बिघडतं ते चवीपेक्षा आपल्या गप्प बसण्यामुळे. ओळखीच्या ढाब्यावर भाजी खारट झाली तर आपण गल्ल्यावरच्या माणसाला तिथल्या तिथे ऐकवतो. तोच माणूस एसीच्या काचेच्या दारातून आत गेला की अळणी, गार, कच्चं सगळं मुकाट्यानं गिळतो, मागतील तेवढं बिल भरतो आणि गावी आल्यावर पारावर महिनाभर त्या हॉटेलचा उद्धार करतो. पारावरचं बोलणं तिथल्या भटारखान्यात ऐकू जात नाही.

जाण्याआधी

गोव्यात ग्रीक जेवण म्हटलं की पहिलं नाव निघतं ते 'थलासा'चं. कोर्फू बेटावरून आलेल्या मारिकेटी ग्राना यांनी ते सुरू केलं. आधी वागातोरच्या कड्यावर होतं, आता शिवोलीला शापोरा नदीच्या काठावर आहे. अशा जागेला ग्रीक लोक टाव्हर्ना म्हणतात, म्हणजे साधी, घरगुती धाटणीची खानावळ. गोव्यात आल्यावर ती साधी राहत नाही हा भाग वेगळा. तिथे निम्मे लोक जेवायला येतात आणि निम्मे सूर्यास्त बघायला. सूर्य बुडायच्या वेळी टेबलं भरलेली असतात, आणि भट्टीवर आणि वेटरवर सगळ्यात जास्त ताणही त्याच वेळी असतो. फोटो हवे असतील तर त्या वेळेला जा आणि उशीर होणार हे धरून चाला. नीट जेवायचं असेल तर आधी फोन करून गर्दी नसलेली वेळ विचारा. त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. आत येण्याचे वेगळे पैसे आहेत का? टेबलासाठी कमीत कमी एवढ्या रुपयांची ऑर्डर द्यावी लागते, अशी अट आहे का? समुद्रकाठच्या हॉटेलांत अशा अटी असू शकतात आणि दारात पोचल्यावर मागे फिरायला कुणालाच जमत नाही.

मोबाइलवर इतर गिऱ्हाइकांनी लिहिलेले अनुभव वाचायची सवय आता सगळ्यांनाच आहे, फक्त वाचायची पद्धत थोडी बदला. पाच तारेवाले बरेचदा वाढदिवसाला गेलेले असतात आणि एक तारेवाले भांडून आलेले. दोन आणि तीन तारा देणारा माणूस सहसा जेवलेला असतो. त्याचं आधी वाचा. त्यातही गेल्या दोन-तीन महिन्यांतलं वाचा, कारण आचारी बदलला की हॉटेल बदलतं, पाटी तीच राहते. एकच तक्रार चार वेगवेगळ्या लोकांनी केली असेल, उदाहरणार्थ पिता नावाचा रोट गार आला किंवा बिलात न मागवलेलं काही लावलं, तर ती खरी धरायला हरकत नाही. "प्रमाण कमी" या तक्रारीकडे मात्र जरा सबुरीनं बघा. ग्रीक जेवणातली पदार्थांची पहिली फेरी लहान लहान वाट्यांतच येते. ती मधे ठेवून सगळ्यांनी मिळून खायची असते. एकट्यासाठी एक वाटी मागवून पोट भरलं नाही म्हणणारे बरेच सापडतील.

मेनूकार्डातून वाट काढताना

सगळ्यात आधी झाझिकी मागवा, कारण त्यावरून बाकी भटारखान्याचा अंदाज येतो. त्यातलं दही कापडात टांगून पाणी काढलेलं असतं. आपण श्रीखंडासाठी चक्का करतो तोच प्रकार, फक्त साखरेऐवजी त्यात लसूण, मीठ, ऑलिव्हचं तेल, थोडा शेपू किंवा पुदिना आणि किसून पिळलेली काकडी पडते. वाटी समोर आली की चमच्यानं मधोमध एक रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर काम नीट झालंय. रेघेत लगेच पाणी भरलं तर काकडी पिळलेली नाही किंवा दही पुरतं निथळलेलं नाही, आणि वाटी कडेनं पाणी सोडत टेबलावर आली असेल तर ती सकाळपासून तशीच पडून असण्याचीही शक्यता आहे. वेटरला बोलावून शांतपणे दाखवा. बदलून देतात. त्याच वेळी पिताही बघून घ्या. हा जाडसर मऊ रोट गरम असेल तर घडी घातल्यावर मोडत नाही. मोडला, चरचरला, तर शिळा आहे.

मेलिझानोसलाता हे भलंमोठं नाव वाचून घाबरू नका, ते भाजलेल्या वांग्याचं भरीतच आहे. लिंबू, लसूण आणि तेल घातलेलं, मिरचीशिवायचं. ज्यांना काहीच ओळखीचं वाटत नाही त्या वडीलधाऱ्यांसाठी तेच मागवा. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि लिंबू. सँटोरिनी बेटावरचा अस्सल फावा आपल्या लाखेच्या डाळीच्या जवळच्या नात्यातल्या दाण्यांचा करतात. बाकी ठिकाणी साधे पिवळे वाटाणे वापरतात. दोल्मादेस म्हणजे द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. पान सोलून बाजूला ठेवायचं नसतं, पानासकट खायचं.

ग्रीक सॅलडमध्ये टोमॅटो-काकडीच्या जाड फोडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर फेटा चीजचा चौकोन असतो. ऑलिव्हमध्ये बी असते. कवळी लावणाऱ्यांना आणि लहान मुलांना हे आधी सांगा, हॉटेलवाला सांगेलच असं नाही. फेटाबद्दल एक विचारायचं असतं. युरोपात २००२ पासून हे नाव फक्त ग्रीसमध्ये, मेंढीच्या दुधापासून केलेल्या चीजला लावता येतं. त्यात शेळीचं दूध ३० टक्क्यांपर्यंत चालतं. आपल्याकडे त्या जागी गाईच्या दुधाचं चीज येतं, कुठे कुठे चक्क खारवलेलं पनीर. पनीरच असेल तर खाऊ नये असं नाही, पण फेटाचे पैसे देणार असाल तर विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

मांसाहारी मंडळींसाठी सुवलाकी आणि गिरोस. सुवलाकी म्हणजे सळईवर भाजलेले तुकडे. गिरोसमध्ये मांसाचे थर उभ्या सळईवर रचून ती आगीसमोर फिरवत ठेवतात आणि बाहेरचा भाजलेला थर सुरीनं खरवडून देतात. आत जाताना ती सळई दिसते का बघा. ती दिसत नसेल किंवा बंद पडलेली असेल, तर तुमचं गिरोस आधीच कापून ठेवलेल्या मांसाचं, तव्यावर परतलेलं असू शकतं. मुसाका हा वांगी, खिमा आणि वर दुधाच्या घट्ट सॉसचा थर असलेला पदार्थ. तो भट्टीतून काढल्यावर थोडा वेळ बसवतात, म्हणजे थर सुटत नाहीत. म्हणून तो कोमट येतो. कोमट आला म्हणून भांडू नका. आतून गार असेल तर मात्र परत पाठवा.

आता माळकरी माणसांबद्दल जरा सविस्तर, कारण नर्सी नामदेवच्या या मुलखात घरोघरी एखादा तरी माळकरी असतो आणि हॉटेलात तोच सगळ्यात जास्त अवघडून बसतो. ग्रीक ख्रिस्ती लोकांचेही मोठे उपवास असतात. त्यांतल्या बऱ्याच दिवसांत मांस, मासे, अंडी आणि दूधदुभतं वर्ज्य. त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकात तेलावर शिजवलेल्या भाज्या आणि कडधान्यांचे कितीतरी पदार्थ आहेत. त्यांना लादेरा म्हणतात. मोठे पांढरे घेवडे टोमॅटोत शिजवलेले, भेंडी, भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, असले पदार्थ मेनूत दिसले तर बिनधास्त मागवा. पण तीन ठिकाणी सावध. पालक-चीजच्या स्पानाकोपितामध्ये बरेचदा अंडं असतं. शाकाहारी म्हणून मिळणाऱ्या मुसाक्याच्या वरच्या सॉसमध्येही ते असू शकतं. आणि तळलेलं काहीही मागवताना, "याच तेलात मासे तळता का?" एवढं विचाराच. वेटरला नुसतं "व्हेज द्या" सांगून भागत नाही. "मांस नको, मासे नकोत, अंडं नको, त्याच तेलातलं नको" असं एकेक सांगायचं आणि त्यानं लिहून घेतलं का ते बघायचं. कांदा-लसूणही चालत नसेल तर खरं सांगतो, ग्रीक हॉटेलात त्या माणसाचे हाल आहेत. फळं, दही-मध आणि साधा भात यांवर त्याची सोय आधी फोन करून लावा.

मासा मागवताना भाव आधी विचारा. मेनूत किमतीच्या जागी 'एपीएस' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ आकारमानाप्रमाणे पैसे. मासा आणून दाखवायला सांगा, वजन विचारा, शिजवून एकूण किती होतील ते विचारा आणि मगच हो म्हणा. यात संकोच करायचं कारण नाही. ग्रीसमध्येही टाव्हर्नात मासा किलोच्या भावानं विकतात आणि तिथलं गिऱ्हाईक तो बघूनच घेतं.

पाच माणसं असाल तर एकदम सगळं मागवू नका. झाझिकी, भरीत आणि एक सॅलड, सोबत माणशी एक पिता. ते येऊ द्या, खाऊन बघा. मग दोन मोठे पदार्थ. गोड म्हणून अक्रोड आणि पाकातला बकलावा एकच मागवा, तो फार गोड असतो. ग्रीक कॉफी घेतलीत तर तळाचा गाळ पिऊ नका.

वेटर, कॅप्टन आणि वेळ

टेबलावर येणारा प्रत्येक माणूस निर्णय घेऊ शकत नाही. पाणी आणणारा वेगळा, ऑर्डर घेणारा वेगळा, आणि पदार्थ बदलून देण्याचा किंवा बिलातून वजा करण्याचा अधिकार कॅप्टनला नाहीतर मॅनेजरला. तक्रार पाणी देणाऱ्या पोरावर काढली तर त्याचा दिवस खराब होतो आणि तुमचा पदार्थ तसाच राहतो. "दादा, जरा मॅनेजरना बोलावता का?" एवढं पुरतं. गोव्यातल्या हॉटेलांत वेटर मंडळी बरीचशी परराज्यांतली असतात, तेव्हा मराठी नाही कळलं तर हिंदीत सांगा. इंग्रजी येत नाही म्हणून कमीपणा घेऊ नका, तुम्हाला येत असलेल्या हिंदीत त्यांचा रोजचा धंदा चालतो.

तक्रार करायची ती दोन-चार घासांत. ताट चाटून पुसून झाल्यावर "चांगलं नव्हतं" म्हटलं तर समोरचा हसून मान डोलावतो, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. काय बिघडलंय ते नेमकं सांगा: मांस आतून गुलाबी आहे, तेल खवट लागतंय, अर्धा तास झाला आणि वाटीही आलेली नाही. "टेस्ट नाही" या वाक्यावर कुठल्याच आचाऱ्याला काही करता येत नाही. आणि मिरची नाही ही तक्रार ग्रीक हॉटेलात करू नका. लिंबू, मीठ, मिरपूड मागा.

ग्रीक पद्धतीत मागितल्याशिवाय बिल आणून ठेवत नाहीत, ते पाहुण्याला उठवल्यासारखं समजतात. पुण्या-गोव्यातही काही जागी ही रीत पाळतात. वाट बघत बसू नका, मागा. मुलांकडे परदेशी गेलात आणि ग्रीसची सहल झाली, तर तिथल्या मेनूकार्डावर एक ओळ छापलेली दिसेल: रीतसर पावती दिली नाही तर गिऱ्हाइकानं पैसे देणं बंधनकारक नाही. असा कायदाच आहे तिथे. पावाचे थोडे पैसे वेगळे लावतात, तेही तिथे नेहमीचंच.

बिल वाचताना

बिल आलं की ते मुलाच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. आधी मागवलेले पदार्थ मोजा. मग 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ आहे का बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलंय की कुठलंही हॉटेल हा आकार आपोआप बिलात लावू शकत नाही, दुसऱ्या नावानंही नाही. हॉटेलमालकांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या. म्हणजे तो द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. "हा काढून नवीन बिल द्या" म्हणा. सेवा आवडली असेल तर तेवढेच पैसे वेटरच्या हातात द्या, ते त्याला नक्की पोचतात.

साध्या रेस्टॉरंटचा जीएसटी ५ टक्के असतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. दारूवर जीएसटी नसतो, तिचा कर वेगळा दिसतो. बिलावरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, गोवा ३०. छोट्या हॉटेलांनी कंपोझिशन योजना घेतलेली असेल तर त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. बिलावर तसं लिहिलेलं असतं. हे आपल्या हिंगोलीच्या रस्त्यावरच्या हॉटेलांतही बघायला हरकत नाही. कच्च्या चिठ्ठीवर कर जोडलेला असेल तर पक्कं बिल मागा. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हॉटेलची ओळख म्हणून हाच क्रमांक कामी येतो.

पाण्याच्या बाटलीवरून वाद फार होतात, म्हणून सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये ठरवलंय की हॉटेलात बसवून दिलेल्या बाटलीला एमआरपीचं बंधन लागू नाही, कारण तिथे जागा आणि सेवाही दिली जाते. तेव्हा एमआरपी दाखवून भांडण्यापेक्षा बसल्या बसल्याच "साधं पाणी आणा" म्हणणं शहाणपणाचं. बाटली कुणी न विचारता उघडू लागला तर हात वर करा.

प्रकरण वाढलंच तर

मॅनेजरनं ऐकलं नाही तर तिथेच आवाज चढवू नका. पदार्थाचा फोटो, बिलाचा फोटो, वेळ, एवढं जवळ ठेवा. जेवून काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू झाले तर आधी मीठ-साखरेचं पाणी नाहीतर ओआरएस सुरू करा. जुलाबात रक्त, खूप ताप किंवा लघवी बंद होणं, यांपैकी काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. केसपेपर फेकू नका, काय खाल्लं आणि कधी खाल्लं ते डॉक्टरांना त्यावर लिहायला सांगा. पुढे पुरावा म्हणून तोच लागतो. बरोबर जेवलेल्यांपैकी कुणाकुणाला त्रास झाला तेही टिपून ठेवा. अन्नाच्या स्वच्छतेची तक्रार महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर करता येते. गोव्याचं हे खातं वेगळं आहे. एफएसएसएआयचा देशभराचा क्रमांक १८००-११२-१००.

पैशांच्या वादासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलतात. तिथे निकाल लागत नाही, पण ते हॉटेलपर्यंत तक्रार पोचवतात आणि पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं. तरीही नाही झालं तर ग्राहक आयोग. बऱ्याच जणांना वाटतं की गोव्यातल्या हॉटेलविरुद्ध गोव्यातच जावं लागेल. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. साखऱ्याच्या माणसाला त्यासाठी गोव्याला जायची गरज नाही, हिंगोली पुरेशी आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या पोर्टलवरून तो घरबसल्याही भरता येतो. तीनशे रुपयांच्या सर्व्हिस चार्जसाठी कुणी आयोगापर्यंत जाईल असं नाही. पण जाता येतं हे मॅनेजरला माहीत असतं, आणि तुम्हालाही ते माहीत आहे असं त्याच्या लक्षात आलं की बिल दुरुस्त होऊन येतं.

मोबाइलवर अनुभव लिहायचा असेल तर घरी आल्यावर, राग उतरल्यावर लिहा. तारीख, वेळ, किती माणसं, काय मागवलं, काय चुकलं आणि सांगितल्यावर त्यांनी काय केलं, इतकंच. वेटरचं नाव कौतुकासाठी लिहा. तक्रारीत लिहू नका, त्या पोराची नोकरी जाऊ शकते आणि चूक बहुतेक वेळा भटारखान्याची असते. जे बघितलं नाही ते लिहू नका. 'सडलेलं मांस वापरतात' असं पुराव्याशिवाय लिहिलं तर हॉटेलवाला तुमच्यावरच बदनामीचा दावा लावू शकतो. पुढच्या गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडतं ते असलं काहीतरी: "शनिवारी रात्री साडेआठला पाच जण गेलो. झाझिकी पातळ होतं, सांगितल्यावर दहा मिनिटांत बदलून दिलं. पिता गरम. मुसाका शाकाहारी म्हणून दिला, विचारल्यावर अंडं असल्याचं कबूल केलं, मग बिलातून काढलं. सर्व्हिस चार्ज सांगितल्यावर वजा. वडिलांना वांग्याचं भरीत आवडलं, दोनदा मागवलं."